नेमॅटिक द्रवस्फटिकात विजेने उठणारे पट्टे: सेल बांधण्यापासून उंबरठा मोजण्यापर्यंत

पंचवीस मायक्रॉन जाडीचा नेमॅटिक द्रवस्फटिकाचा थर घ्या, त्याला सात-आठ व्होल्टचं एसी व्होल्टेज द्या, की सूक्ष्मदर्शकाखाली समांतर पट्ट्यांची रांग उभी राहते. हे दृश्य मिळवणं फारसं अवघड नाही. आरसीए या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड विल्यम्स यांनी ते पाहिलं आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केलं. तेव्हा त्यांच्या हाती असलेला पदार्थ शंभर अंशांच्या वर तापवावा लागत होता, आज तेच खोलीच्या तापमानाला दिसतं. अवघड आहे ते वेगळंच: पट्टे नेमक्या किती व्होल्टला उठले हे असं सांगणं, की पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या सेलमध्ये (म्हणजे दोन काचांमध्ये बंद केलेल्या दुसऱ्या थरात), दुसऱ्या माणसालाही तोच आकडा मिळेल.

हा लेख त्या आकड्यासाठी, म्हणजे पट्टे उठण्याच्या उंबरठ्यासाठी आहे. या प्रयोगातला निम्मा वेळ सेल ओळखण्यात गेला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. थराची जाडी, द्रवाची वाहकता आणि रेणूंची दिशा या तीन गोष्टी आधी मोजलेल्या नसतील, तर मिळालेल्या उंबरठ्याचा कशाशीच ताळा लावता येत नाही.

## पट्टे उठतात ते कशामुळे

नेमॅटिक अवस्थेत लांबट रेणू साधारण एकाच दिशेने तोंड करून असतात. त्या सरासरी दिशेला डायरेक्टर म्हणतात. द्रव वाहतो, पण त्याचे गुणधर्म दिशेनुसार बदलतात: डायरेक्टरच्या दिशेने वीज जास्त सहज वाहते, आडव्या दिशेने कमी. बहुतेक नेमॅटिकांत हे गुणोत्तर दीडच्या आसपास असतं. डायइलेक्ट्रिक स्थिरांकही दोन दिशांना वेगळा असतो, आणि आपल्याला हवा असलेला पदार्थ असा, की त्याचा डायरेक्टरच्या दिशेचा स्थिरांक आडव्या स्थिरांकापेक्षा थोडा कमी आहे. म्हणजे डायइलेक्ट्रिक दिशासापेक्षता ऋण, वाहकतेची दिशासापेक्षता धन.

आता डायरेक्टर काचांना समांतर आहे आणि विद्युत क्षेत्र काचांना लंब आहे, असा थर डोळ्यांसमोर आणा. क्षेत्र डायरेक्टरला आहे तिथेच ठेवू पाहतं, कारण दिशासापेक्षता ऋण आहे. नुसत्या डायइलेक्ट्रिक बलाने इथे काहीच घडायला नको. पण उष्णतेच्या थरथरीमुळे डायरेक्टरला कुठेतरी बारीकसा बाक येतोच. बाक आला की आयन तिरके सरकतात, कारण डायरेक्टरच्या दिशेने त्यांना वाट सोपी असते. बाकाच्या एका कुशीत धन प्रभार साठतो, दुसऱ्या कुशीत ऋण. या प्रभारांना क्षेत्र ओढतं, द्रव हलतो, एका जागी वर आणि शेजारी खाली. हा प्रवाह डायरेक्टरला आणखी वाकवतो. बाक वाढला की प्रभार वाढतो, प्रभार वाढला की प्रवाह वाढतो. लवचिकता आणि श्यानता या चक्राला रोखून धरतात. एका ठरावीक व्होल्टेजला त्यांचा जोर अपुरा पडतो आणि थरभर फिरत्या रोलांची मालिका तयार होते. रोलांचे अक्ष मूळ डायरेक्टरला काटकोनात असतात. कार आणि हेल्फ्रिख यांच्या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा १९६९ मध्ये मांडली गेली. पुढे फ्रान्समधल्या ऑर्से गटाने ती एसी व्होल्टेजसाठी विस्तारली.

या वर्णनातून दोन गोष्टी लगेच निघतात. एक, आयन नसतील तर पट्टे नाहीत. म्हणजे अतिशुद्ध द्रवस्फटिक या कामाला निरुपयोगी. दोन, प्रभाराला साठायला वेळ लागतो. क्षेत्र त्या वेळेपेक्षा झपाट्याने उलटसुलट होऊ लागलं तर ही यंत्रणा आहे त्या रूपात चालणार नाही. तो वेळ म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक भागिले वाहकता. पुढे अख्खा प्रयोग या एका वेळेभोवती फिरतो.

## पदार्थ कोणता

रूढ निवड म्हणजे एमबीबीए. केल्कर आणि शॉयर्ले यांनी १९६९ मध्ये तयार केलेला हा पदार्थ साधारण २२ ते ४७ अंश सेल्सियस या पट्ट्यात नेमॅटिक असतो. त्याचे लवचिकतेचे आणि श्यानतेचे स्थिरांक चांगले मोजलेले आहेत, ही त्याची खरी किंमत. दोष एकच, पण मोठा: पाण्याच्या वाफेने त्याचं विघटन होतं. बाटली उघडी राहिली की नेमॅटिक अवस्था संपण्याचं तापमान खाली सरकू लागतं आणि वाहकता वर जाते. म्हणून प्रत्येक मालिकेआधी एक थेंब तापवून पारदर्शक होण्याचं तापमान नोंदवा. ते चार-पाच अंशांनी घसरलं असेल तर ती बाटली सोडून द्या. जास्त दिवस चालणाऱ्या मोजमापांसाठी मर्क कंपनीचं फेज ५ हे मिश्रण अधिक टिकाऊ आहे.

५सीबी हा दुसरा नेमॅटिक सहज मिळतो म्हणून तेच वापरण्याचा मोह होतो. पण त्याची डायइलेक्ट्रिक दिशासापेक्षता धन आणि मोठी आहे. समांतर थरात पाऊण व्होल्टच्या आसपासच त्याचा डायरेक्टर क्षेत्राच्या दिशेने उभा राहू लागतो. हे फ्रेडरिक्स संक्रमण. ते शिकण्यासारखं आहे, पण इथे वर्णन केलेले रोल त्यातून मिळत नाहीत.

वाहकता आणण्यासाठी टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइड हे मीठ मिसळतात. एमबीबीएमध्ये वजनाने ०.०१ टक्का हे प्रचलित प्रमाण आहे. एका ग्रॅमला ०.१ मिलिग्रॅम थेट तोलणं साध्या तराजूवर जमत नाही, म्हणून ५ ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅम टाकून ०.१ टक्क्याचं मिश्रण करा आणि ते दहापट पातळ करा. मीठ विरघळवताना द्रव पारदर्शक अवस्थेत ठेवून ढवळा. प्रमाण किती तंतोतंत आलं याची फार काळजी करू नका, वाहकता आपण सेलमध्ये मोजणारच आहोत. पण एका मालिकेसाठी लागणारं सगळं मिश्रण एकदमच करून छोट्या, घट्ट झाकणाच्या कुप्यांत भरून ठेवा.

## सेल बांधणं

लागतात त्या दोन आयटीओ काचा, म्हणजे एका बाजूला पारदर्शक वाहक थर असलेल्या. शक्य असेल तर वाहक थर कोरून मध्यभागी एक चौरस सेंटिमीटरचा इलेक्ट्रोड उरू द्या. गोंद, कडा आणि भरण्याचं तोंड हे सगळं क्षेत्राच्या बाहेर राहील. इतकं केलं तरी कडेवरून सुरू होणाऱ्या खोट्या उंबरठ्याचा निम्मा त्रास संपतो.

काचा साबणाच्या पाण्यात, मग शुद्ध पाण्यात, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक टाकीत धुऊन वाळवा. त्यावर पॉलिइमाइडचा पातळ थर फिरवून पसरवा आणि पुरवठादाराने दिलेल्या तापमानाला भाजा. पॉलिइमाइड नसेल तर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं एक-दोन टक्क्यांचं पाण्यातलं द्रावणही चालतं. थर पक्का झाल्यावर मखमली कापडाने एकाच दिशेने, हलक्या आणि सारख्या दाबाने घासा. पुढेमागे नाही, फक्त पुढे. घासण्याची दिशा काचेच्या मागच्या बाजूला बाणाने खुणावून ठेवा, नाहीतर दहा मिनिटांनी कोणालाच आठवत नाही.

काचा समोरासमोर ठेवताना बाण एकमेकांच्या उलट असू द्या. पृष्ठभागावर रेणू एक-दोन अंश वर उचललेले असतात, आणि उलट मांडणीत हा कल थरभर सारखा राहतो. मध्ये २५ मायक्रॉनच्या मायलरच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मच्या, पट्ट्या ठेवून काचा दाबा आणि कडा एपॉक्सीने किंवा अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या गोंदाने बंद करा. भरण्यासाठी दोन तोंडं मोकळी ठेवा.

सेल रिकामा असतानाच सोडियम दिव्याखाली धरा. दोन काचांमधल्या हवेच्या फटीमुळे व्यतिकरणाचे पट्टे दिसतील. लागोपाठच्या दोन पट्ट्यांत जाडीचा फरक अर्ध्या तरंगलांबीइतका, म्हणजे साधारण ०.२९ मायक्रॉन. सेंटिमीटरभरात तीन पट्टे असतील तर जाडीत सुमारे ३.५ टक्के फरक आहे. एवढं चालून जातं. दहा-बारा पट्टे मोजावे लागले तर तो सेल उघडून पुन्हा बांधा.

## भरण्याआधी आणि भरल्यावर मोजायच्या गोष्टी

रिकाम्या सेलची धारकता मोजली की जाडी मिळते. एक चौरस सेंटिमीटर इलेक्ट्रोड आणि २५ मायक्रॉन फट असेल तर ती ३५.४ पिकोफॅरड यायला हवी. तारांची स्वतःची धारकता याच पट्टीत असते, म्हणून सेल न जोडता एकदा मोजून ती वजा करा. स्पेक्ट्रोमीटर असेल तर रिकाम्या सेलच्या व्यतिकरणाच्या शिखरांवरूनही जाडी काढा आणि दोन आकडे जुळतात का पाहा. मायलरच्या पाकिटावर छापलेली जाडी ही फक्त सदिच्छा असते.

सेल आणि द्रव दोन्ही पारदर्शक अवस्थेच्या तापमानाला ठेवून एका तोंडाशी थेंब लावा. केशाकर्षणाने द्रव आत जातो. मग मिनिटाला अंश-दोन अंश या गतीने थंड करा. नेमॅटिक अवस्थेत भरलं तर प्रवाहाच्या खुणा डायरेक्टरमध्ये गोठून राहतात.

आता दोन काटकोनी पोलरायझरमध्ये सेल फिरवा. घासण्याची दिशा एका पोलरायझरला समांतर आली की सगळं क्षेत्र काळंभोर व्हायला हवं, ४५ अंशांवर उजळ. काळोखात ठिपके, दोरे किंवा ढगाळ पट्टे दिसले तर पुढे जाऊ नका. अशा जागांवर रोल आधी उठतात आणि उंबरठा खाली ओढतात.

त्यानंतर वाहकता. मल्टीमीटरने रोध मोजू नका. तो डीसी लावतो, आयन इलेक्ट्रोडांवर जाऊन बसतात आणि आकडा बघता बघता सरकत राहतो. सेलच्या मालिकेत १० किलोओहमचा रोधक जोडा, एक व्होल्ट आरएमएस (व्होल्टेजच्या वर्गाच्या सरासरीचं वर्गमूळ) लावा आणि रोधकावरचं व्होल्टेज लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायरने किंवा चांगल्या ऑसिलोस्कोपने मोजा. व्होल्टेजशी समकला असलेला भाग वाहकता देतो, नव्वद अंश पुढचा भाग धारकता.

एक नमुना हिशेब. समजा आडवी वाहकता मीटरला सीमेन्सच्या एक कोट्यंश भागाइतकी, म्हणजे १०चा उणे सातवा घात आहे. तर आपल्या सेलचा रोध २.५ मेगाओहम येतो, आणि एक व्होल्टला त्या रोधकावर सुमारे ४ मिलिव्होल्ट मिळतात. आडवा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ५ धरला तर भरलेल्या सेलची धारकता १७७ पिकोफॅरड. दोहोंचा गुणाकार ०.४४ मिलिसेकंद. हाच प्रभार साठण्याचा वेळ. त्यात जाडी आणि क्षेत्रफळ दोन्ही गळून जातात, म्हणून थेट सेलवर मोजलेला हा आकडा जाडीच्या चुकीपासून सुरक्षित असतो.

दुसरा वेळ डायरेक्टरचा, म्हणजे वाकलेला डायरेक्टर परत सरळ व्हायला लागणारा: फिरकी श्यानता गुणिले जाडीचा वर्ग, भागिले लवचिकता आणि पायचा वर्ग. एमबीबीएचे ढोबळ आकडे टाकले तर २५ मायक्रॉनला साधारण एक सेकंद येतो, ५० मायक्रॉनला चार सेकंद. जाड सेलमध्ये पट्टे मोठे आणि देखणे दिसतात हे खरं, पण प्रत्येक पायरीला चौपट थांबावं लागतं. पहिल्या सेलसाठी २५ मायक्रॉनच बरे.

## व्होल्टेज, तापमान, प्रकाश

साधा फंक्शन जनरेटर दहा व्होल्ट शिखरापर्यंत जातो, म्हणजे साइन तरंगाचे ७ व्होल्ट आरएमएस. उंबरठ्याच्या जेमतेम आसपास. म्हणून दहा-वीसपट करणारा अ‍ॅम्प्लिफायर लागतोच. त्याच्या पलीकडे शंभर व्होल्ट असू शकतात, तेव्हा सेलच्या जोडण्या उघड्या ठेवू नका. वहीत नेहमी आरएमएस लिहा. शिखर, शिखर-ते-शिखर आणि आरएमएस यांच्या गोंधळात दुप्पट-तिप्पट चुका होतात.

डीसीचा अंश काढून टाका. सेलच्या मालिकेत ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर पुरतो. १० हर्ट्झलासुद्धा त्याचा अडथळा १६० किलोओहमच्या आत राहतो, आणि तोही नव्वद अंश मागेपुढे, त्यामुळे सेलवरच्या व्होल्टेजला तो जवळजवळ धक्का लावत नाही. डीसी राहिला तर आयन इलेक्ट्रोडवर गोळा होतात, कधी तिथून नवे प्रभार आत घुसतात, आणि द्रव हळूहळू खराब होतो.

तापमान एका दशांश अंशाच्या आत स्थिर ठेवा. वाहकता तापमानाने भराभर बदलते. दिव्याची उष्णता हा नेहमीचा चोर. दिव्यासमोर उष्णता अडवणारं फिल्टर लावा, आणि दिवा लावल्यानंतर अर्धा तास जाऊ द्या.

प्रकाशमांडणीत नवखा माणूस हमखास अडखळतो, कारण सवयीने तो दोन पोलरायझर लावतो. इथे एकच हवा, डायरेक्टरला समांतर. वरचा काढून टाका. डायरेक्टरची वळणं त्या प्रकाशासाठी अपवर्तनांक जागोजागी बदलतात आणि रोलांची रांग भिंगांच्या रांगेचं काम करते. कंडेन्सरचं छिद्र लहान करा, म्हणजे प्रकाश समांतर येईल, आणि ४ किंवा १० पटीचं ऑब्जेक्टिव्ह वापरा. आता पोलरायझर नव्वद अंश फिरवा: पट्टे पूर्ण नाहीसे व्हायला हवेत, कारण त्या ध्रुवणाला डायरेक्टरचा असा कल जाणवतच नाही. नाहीसे झाले नाहीत, तर एकतर पोलरायझर चुकीच्या कोनात आहे किंवा डायरेक्टर प्रतलातून पिळलेला आहे. मिनिटभराची ही तपासणी मी कधीच टाळत नाही.

## उंबरठा शोधणं

वारंवारता आधी ठरवा. वरच्या सेलमध्ये ही यंत्रणा साधारण ५०० हर्ट्झपर्यंत चालावी (हिशेब पुढे येतो), म्हणून सुरुवात ८० किंवा १०० हर्ट्झला करा. मेन्सची वारंवारता आणि तिच्या अगदी लगतचे आकडे टाळा, नाहीतर चित्र संथपणे धडधडताना दिसेल. खूप कमी वारंवारताही नको, कारण मग प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात डायरेक्टर स्वतःच हलू लागतो.

व्होल्टेज शून्य असताना एक चित्र घ्या. पुढचं प्रत्येक चित्र त्याने भागा. धूळ आणि दिव्याची असमानता निघून जाईल. मग ०.१ व्होल्टच्या पायऱ्यांनी वर चला. एमबीबीएत सहा ते आठ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी डायरेक्टरला काटकोनात पट्टे दिसू लागतील. हा झाला ढोबळ आकडा.

इथून पुढे बहुतेक जण पायरी बारीक करत जातात आणि "पट्टे दिसले" ते व्होल्टेज लिहून मोकळे होतात. ही पद्धत मला पटत नाही. उंबरठ्याजवळ सगळंच मंदावतं: उंबरठ्याच्या वर एक टक्का असताना रोल उठायला जो वेळ लागतो, तो दहा टक्के वर असतानाच्या दसपट असतो. घाईत वर जाणाऱ्याला उंबरठा खरा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, तर धुळीचा कण किंवा ओरखडा असेल तिथे तो कमी दिसतो. दोन्ही चुका कधी एकमेकींना झाकतात, आणि आकडा मात्र दिसायला साजरा येतो.

त्याऐवजी वाढीचा दर मोजा. व्होल्टेज उंबरठ्याच्या बरंच खाली, समजा पाच व्होल्टवर ठेवा. मग एकदम वर उडी मारा, ढोबळ उंबरठ्याच्या दोन टक्के वर, आणि सेकंदाला दहा-वीस चित्रं घ्या. चित्राच्या फूरिये रूपांतरात (चित्रातली आवर्तनं वेगळी करून दाखवणारं गणित) पट्ट्यांच्या आवर्तनाचा जो ठिपका आहे त्याची उंची वेळेनुसार काढा. सुरुवातीला ती घातांकी वाढते, मग सपाट होते. घातांकी भागाचा लॉगरिदम सरळ रेषा देतो आणि तिचा उतार म्हणजे वाढीचा दर. खाली या, पाच-सहा डायरेक्टर-वेळ थांबा, आणि तीन, पाच, सात, दहा टक्क्यांसाठी हेच पुन्हा करा. उलट बाजूनेही करा: रोल उठलेले असताना उंबरठ्याखाली उडी मारा आणि मावळण्याचा दर मोजा, तो ऋण धरा. सगळे दर व्होल्टेजच्या वर्गासमोर मांडले तर उंबरठ्याच्या जवळपास सरळ रेषा मिळते. ती शून्याला जिथे छेदते तो उंबरठा. एखाद्या कणाभोवती आधी उठलेला एखादा रोल या आकड्याला हलवू शकत नाही, कारण आपण अख्ख्या क्षेत्राची वाढ पाहतोय.

यात एक सापळा आहे. रोलांची रांग भिंगांसारखी वागते म्हणून सूक्ष्मदर्शकाचा फोकस कुठे आहे त्यावर चित्र बदलतं. एका प्रतलात उजळ रेषांमधलं अंतर रोलांच्या जोडीइतकं असतं, दुसऱ्यात त्याच्या निम्मं. निम्म्या अंतराचा भाग डायरेक्टरच्या कलाच्या वर्गाने वाढतो. त्यावरून दर काढला तर तो दुप्पट येतो, मात्र उंबरठा बिघडत नाही. तरंगलांबी मात्र थेट निम्मी वाचली जाते. म्हणून फोकस वर-खाली करून दोन्ही चित्रं पाहून घ्या आणि कोणत्या प्रतलात मोजलं ते नोंदवा. कमी वारंवारतेला रोलांच्या जोडीची लांबी थराच्या जाडीच्या साधारण दुप्पट येते, म्हणजे आपल्या सेलमध्ये ५० मायक्रॉनच्या आसपास. मोजपट्टीने कॅलिब्रेट केलेल्या चित्रात २५ आले तर आधी फोकसवर संशय घ्या.

फूरिये चित्रात ठिपक्यांची एकच जोडी डायरेक्टरच्या रेषेवर असेल तर रोल सरळ आहेत. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन जोड्या असतील तर रोल तिरके आहेत आणि दोन्ही कल वेगवेगळ्या भागांत किंवा नागमोडी मिसळलेले आहेत. तिरके रोल सहसा कमी वारंवारतेला मिळतात. वारंवारता वाढवत नेली की कोन कमी होत एका ठिकाणी शून्य होतो. त्या वारंवारतेला लिफशित्झ बिंदू म्हणतात.

## वारंवारतेचा आलेख

आता सात-आठ वारंवारतांना हेच मोजमाप करा. ऑर्से गटाच्या सोप्या प्रतिमानानुसार उंबरठ्याच्या वर्गाचा व्यस्त एका सरळ रेषेत बसतो, फक्त आडव्या अक्षावर वारंवारता थेट घ्यायची नाही. कोनीय वारंवारता गुणिले प्रभाराचा वेळ, त्याचा वर्ग, त्यात एक मिळवा आणि व्यस्त घ्या. प्रभाराचा वेळ आपण सेलवर स्वतंत्रपणे मोजलेलाच आहे. रेषेचा उतार भागिले छेद, चिन्ह सोडून, यातून एक शुद्ध संख्या निघते. तिला हेल्फ्रिख प्राचल म्हणतात आणि ती फक्त पदार्थाच्या वाहकता, डायइलेक्ट्रिक स्थिरांक आणि श्यानता यांच्या दिशासापेक्षतेवर अवलंबून असते. एमबीबीएसाठी ती तीनच्या आसपास येते.

तीन धरून हिशेब करा: तीनातून एक वजा, वर्गमूळ १.४१, भागिले दोन पाय आणि ०.४४ मिलिसेकंद. उत्तर सुमारे ५१० हर्ट्झ. या वारंवारतेकडे जाताना उंबरठा प्रतिमानात अनंताकडे धावतो, प्रत्यक्षात चढत चढत दुसऱ्याच प्रकारच्या पट्ट्यांना जागा देतो. १०० हर्ट्झलाच तो शून्य वारंवारतेच्या उंबरठ्यापेक्षा सहा टक्क्यांनी वर असतो. म्हणजे "एमबीबीएचा उंबरठा इतके व्होल्ट" हे विधान वाहकता आणि वारंवारता सांगितल्याशिवाय अपुरं आहे. वाहकता दहा टक्क्यांनी सरकली तर सगळा आलेख आडवा दहा टक्क्यांनी सरकतो. आठवड्याभराने उंबरठा बदललेला दिसला तर सेलला दोष देण्याआधी प्रभाराचा वेळ पुन्हा मोजा आणि जुन्या-नव्या आकड्यांची नव्या अक्षावर तुलना करा. बहुतेक वेळा ते एकाच रेषेवर येऊन बसतात.

सीमेपलीकडे डायइलेक्ट्रिक राजवट सुरू होते. तिथे प्रभार जागीच थांबतात आणि डायरेक्टर क्षेत्राबरोबर डोलतो. पट्टे काही मायक्रॉन इतके बारीक होतात, त्यामुळे २० किंवा ४० पटीचं ऑब्जेक्टिव्ह लागतं. थोडं वर गेलं की ते उलट्या-सुलट्या बाणांच्या ओळींत मांडले जातात, त्यांना शेवरॉन म्हणतात. महत्त्वाचा फरक असा, की आधीच्या राजवटीत उंबरठा व्होल्टेजचा असतो आणि जाडीवर अवलंबून नसतो, इथे तो क्षेत्राचा असतो. पाचरीसारख्या सेलमध्ये हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं: १०० हर्ट्झला पट्टे सगळीकडे जवळजवळ एकदम उठतात, फक्त त्यांची रुंदी बदलत जाते. ८०० हर्ट्झला ते पातळ बाजूकडून सुरू होऊन व्होल्टेजबरोबर जाड बाजूकडे सरकतात. एखादा सेल मुद्दाम पाचरीचा बांधून ठेवावा तो याच कारणासाठी.

## उंबरठ्याच्या पुढे

व्होल्टेज आणखी वाढवलं की सरळ रोलांत विस्थापनं येतात. कुठेतरी एक पट्टा मध्येच संपतो आणि तो शेवट सरकत जातो. मग रोल नागमोडी होतात, पुढे जाळी दिसते, आणि शेवटी क्षेत्र दुधाळ होऊन खळबळीला सुरुवात होते. हे प्रकाशाचं विखुरणं वापरून जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये द्रवस्फटिकाचा पहिला डिस्प्ले जगासमोर आणला. खळबळीचे दोन प्रकार आहेत, दुसरा अधिक गडद आणि दाट दोषरेषांनी भरलेला. पहिल्यातून दुसऱ्यात होणारं संक्रमण ताकेउची, सानो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बारकाईने मोजलं आणि ते दिष्ट पाझरणाच्या (एकाच दिशेने झिरपत पसरण्याच्या गणिती प्रतिमानाच्या) वर्गात बसतं हे दाखवलं. पण इथपर्यंत जायचं असेल तर त्या दिवसाची उंबरठ्याची मोजमापं आधी उरकून घ्या. जोराच्या खळबळीनंतर संरेखन बिघडलेलं आढळू शकतं, आणि सेल तापतोही.

## बिनसलं तर कुठे पाहायचं

पट्टे डायरेक्टरला काटकोनात न येता समांतर आले, तर वारंवारता फार कमी आहे किंवा डीसीचा अंश शिल्लक आहे. हे बहुधा फ्लेक्सोविद्युत पट्टे, म्हणजे डायरेक्टर वाकल्याने येणाऱ्या विद्युत ध्रुवीकरणातून उठणारे पट्टे असतात आणि त्यांत प्रवाह नसतो. खात्री करायची तर द्रवात दोन-तीन मायक्रॉनचे काचेचे गोल कण थोडे मिसळा. अभिसरणाच्या रोलात ते वर-खाली फिरतात आणि आलटून पालटून फोकसमध्ये येतात, फ्लेक्सो पट्ट्यांत जागीच राहतात. हे कण मोजमापाच्या सेलमध्ये नकोत, वेगळ्या सेलमध्ये वापरा.

पट्टे उठले पण सरकतायत, असंही होतं. सगळे एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकत असतील तर पृष्ठभागावरचा कल किंवा तापमानाचा उतार तपासा. सेलच्या वेगवेगळ्या भागांत ते विरुद्ध दिशांना जात असतील तर मात्र आनंद माना. त्या खऱ्या प्रवासी लाटा आहेत. पातळ सेल आणि कमी वाहकता असेल तेव्हा त्या मिळतात, आणि वर वापरलेल्या साध्या ओहमच्या वाहकतेने त्या समजत नाहीत. आयनांचं विघटन आणि पुनर्मीलन मंद गतीने होतं हे हिशेबात धरावं लागतं. ट्रायबर आणि क्रेमर यांनी १९९० च्या दशकात त्यासाठी दुर्बल विद्युत अपघटनी प्रतिमान मांडलं.

पट्टेच उठत नसतील तर आधी वाहकता पाहा, मग जोडण्या. आयटीओला लावलेली चांदीची पेस्ट सुटलेली असणं हे कारण पुस्तकांत सापडत नाही, पण प्रयोगशाळेत वारंवार सापडतं. सेलवर धारकता मोजून १७७ ऐवजी पाच-दहा पिकोफॅरड आले तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

नोंदवहीत प्रत्येक उंबरठ्याशेजारी जाडी, तापमान, वारंवारता, त्या दिवशी मोजलेला प्रभाराचा वेळ, फोकसचं प्रतल आणि सेल भरल्याची तारीख लिहा. पारदर्शक होण्याचं तापमानही तिथेच, कारण एमबीबीएचा सेल भरून महिना झाला की पहिला बदल त्यात दिसतो.